पिशवीवरची गाय, आखरावरचं ढोर

यवतमाळ जिल्ह्यातल्या आर्णी तालुक्यात, गावोगावी, सकाळ चढली की ढोरं आखरावर गोळा होतात. कुणाच्या कोठ्यातली दोन, कुणाच्या पाच. गायकी त्यांना हाकत अरुणावतीच्या काठानं, पडीक रानातून, सागाच्या जंगलाच्या कडेनं दिवसभर चारतो आणि दिवेलागणीला परत आणतो. गायकी मिळेनासे झाले आहेत, चराईची जागाही आटली आहे, तरी या कापूसपट्ट्यात गाय अजून अशीच पोसली जाते. पुण्या-मुंबईतल्या दुकानात तुपाच्या बरणीवर ‘मुक्त चरणाऱ्या देशी गाईंचं’ अशी ओळ छापलेली असते आणि तिच्यापोटी ग्राहक नेहमीच्या तुपाच्या दुप्पट-तिप्पट दाम मोजतो. आर्णीच्या आखरावरची गाय देशी आहे आणि मोकळी चरतेही. त्या वाढीव दामातला रुपयासुद्धा तिच्या धन्यापर्यंत येत नाही.

जनावर कसं वाढलं, हे विचारणारा ग्राहक चुकत नाही. तो प्रश्न विचारायलाच हवा, आणि दूध, तूप, मांस, चामडं या सगळ्यांच्या बाबतीत विचारायला हवा. अडचण अशी की तो अर्ध्यावर थांबतो. गाय काय खाते, कुठे फिरते, तिला इंजेक्शनं देतात का, इथवर तो येतो. तिचं गोऱ्हं कुठे जातं, ती आटल्यावर तिला कोण पोसतं आणि हा खर्च कुणाच्या खिशातून होतो, हे कुठल्याच वेष्टनावर येत नाही. आर्णीच्या शेतकऱ्याला मात्र याच तीन गोष्टींचा हिशेब दर वर्षी मांडावा लागतो.

जगात या प्रश्नाला धार आली ती भीतीमुळे. १९८६ मध्ये इंग्लंडमधल्या गाईंमध्ये मेंदू सच्छिद्र करणारा एक नवा रोग ओळखला गेला. गाई लडखडायच्या, पडायच्या. लोक त्याला ‘मॅड काऊ’ म्हणू लागले. मेलेल्या जनावरांच्या मांस-हाडांची भुकटी गाईंच्याच खुराकात मिसळली जात होती, हे त्याचं मूळ. गवत खाणाऱ्या जनावराला आपण काय खाऊ घालतो आहोत, हे तोवर खाणाऱ्या लोकांना माहीतच नव्हतं. २० मार्च १९९६ रोजी ब्रिटिश सरकारनं संसदेत सांगितलं की माणसांना होणाऱ्या एका जीवघेण्या मेंदूविकाराचा या रोगाशी संबंध असण्याची शक्यता आहे. आठवडाभरात युरोपीय संघानं ब्रिटिश गोमांसावर बंदी घातली. पुढे प्रत्येक जनावराला ‘पासपोर्ट’ आला, आणि २००० सालच्या युरोपीय कायद्यानं गोमांसाच्या पाकिटावर जनावर कुठे जन्मलं, कुठे वाढलं, कुठे कापलं हे छापणं सक्तीचं होत गेलं.

कायदा झाला म्हणून फसवणूक थांबली नाही. २०१३ च्या जानेवारीत आयर्लंडच्या अन्नसुरक्षा यंत्रणेनं सुपरमार्केटमधले बीफ बर्गर तपासले तेव्हा काहींत घोड्याचं मांस निघालं. अमेरिकेत दुसराच गोंधळ होता. तिथली बहुतेक मांसाची जनावरं अखेरचे काही महिने मोठ्या वाड्यांमध्ये मका खाऊन वजन धरतात, म्हणून ‘गवतावर वाढलेलं’ या शब्दांना बाजारात भाव आला. तिथल्या कृषी खात्यानं २००७ मध्ये त्याची व्याख्या ठरवली आणि २०१६ च्या जानेवारीत ती मागे घेतली. बाहेरून आलेलं मांस अमेरिकेत नुसतं कापून बांधलं तरी त्यावर ‘अमेरिकेचं उत्पादन’ लिहिता येत होतं. जन्मापासून कत्तलीपर्यंत सगळं त्या देशात झालं असेल तरच ते लिहावं, असा नियम व्हायला २०२४ साल उजाडलं.

आपल्याकडे हीच ओढ दुधातून प्रकटली. सुरुवात मात्र बाहेर झाली. न्यूझीलंडमध्ये २००० साली एक कंपनी निघाली. गाईच्या दुधातल्या बीटा-केसीन या प्रथिनाचे दोन मुख्य प्रकार आहेत, ए-१ आणि ए-२, आणि फक्त दुसऱ्या प्रकारचं दूध देणाऱ्या गाई वेगळ्या काढून त्यांचं दूध ही कंपनी विकू लागली. भारतीय वशिंडाच्या गाईंमध्ये ए-२ चंच प्रमाण फार मोठं, म्हणून इथल्या विक्रेत्यांना आयतंच बळ मिळालं. ए-१ दुधानं मधुमेह किंवा हृदयविकार होतो, या दाव्याला कार्यकारणभावाचा आधार सापडत नाही, असा निर्वाळा युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणानं २००९ मध्ये दिला होता. भारताच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानं २१ ऑगस्ट २०२४ रोजी वेष्टनांवरचे ए-१, ए-२ दावे काढून टाकायला सांगितलं आणि २६ ऑगस्टला तो आदेश मागे घेतला. पाच दिवसांत विषय जिथे होता तिथे परत आला.

या प्रकरणात दोन गोष्टी ग्राहकापर्यंत पोहोचायलाच हव्या होत्या. ए-२ हा प्रथिनाचा प्रकार आहे आणि तूप म्हणजे जवळजवळ निव्वळ स्निग्धांश. मग ‘ए-२ तूप’ या दाव्याला अर्थ काय उरतो? दुसरं असं की म्हशीचं दूधही ए-२ च असतं. विदर्भातली तलवारीसारख्या लांब शिंगांची नागपुरी म्हैस शतकानुशतकं हेच दूध देत आली आहे, आणि त्याबद्दल तिच्या गवळ्याला कुणी चार पैसे जास्त दिलेले नाहीत.

‘देशी’ या शिक्क्याचंही तसंच. जाहिरातीत दिसते ती गीर किंवा साहिवाल, गुजरात-पंजाबची. शेजारच्या वर्धा जिल्ह्यात, आर्वीच्या बाजूला, गवळाऊ ही विदर्भाची स्वतःची जात आहे; पांढरी, काटक, चालायला चपळ. आर्णीच्या आखरावर बहुतेक ढोर गावठी असतं, कुठल्याच नोंदलेल्या जातीत न बसणारं. ती गाय दिवसाला दोन-तीन लिटर दूध देते आणि त्यातलं काही वासरासाठी सोडावं लागतं. शहराला हवी असलेली ‘देशी गाय’ म्हणून तिच्याकडे कुणी पाहत नाही.

मोकळं चरणं म्हणजे सुख, असंही सरसकट धरता येत नाही. पावसाळ्यात आणि दिवाळीपर्यंत इथे हिरवं असतं. चैत्र-वैशाखात पारा ४४-४५ अंशांवर जातो, नाले कोरडे पडतात, आणि तीच गाय दिवसभर उन्हात चालून अर्धपोटी परत येते. याउलट मंचरजवळच्या पराग मिल्क फूड्सच्या गोठ्यात ‘प्राइड ऑफ काऊज’ या नावानं विकल्या जाणाऱ्या दुधाच्या गाई होल्स्टीन जातीच्या आहेत. त्या रानात चरायला जात नाहीत, त्यांना मोजून-तोलून खाद्य मिळतं, दूध हात न लावता यंत्रानं काढलं जातं. तिथला ग्राहक स्वच्छतेचे आणि एकाच गोठ्याच्या खात्रीचे पैसे देतो, आणि ती खात्री तपासता येते. आर्णीच्या गाईला मोकळं रान आहे आणि उन्हाळ्याची भूकही आहे. वेष्टनावरच्या हिरव्यागार कुरणाच्या चित्रात यांतली एकही गाय खरी उतरत नाही.

खाण्याचं बघा. पूर्वी या भागात ज्वारी भरपूर होती, म्हणून कडबा होता. कापूस आणि सोयाबीननं ज्वारीला शेताबाहेर काढलं तसा कडबा गेला. आता ढोराच्या पुढ्यात येतं ते सोयाबीनचं, तुरीचं, हरभऱ्याचं कुटार. वेचणी संपल्यावर पऱ्हाटीच्या वावरात सोडलेली ढोरं. आणि दुभत्या जनावराला परवडेल तेवढी सरकीची ढेप. २००२ मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाली आणि काही वर्षांत जवळजवळ सगळा कापूस बीटी झाला, तेव्हा ढेपही बीटी सरकीचीच. तूप विकणाऱ्यानं ‘नैसर्गिक खाद्य’ म्हटलं तर त्यात ढेप मोडते का, हे विचारण्याचा ग्राहकाला पूर्ण हक्क आहे.

त्याहून गंभीर बाब बुरशीची. ओलसर जागी ठेवलेल्या ढेपेत, पेंडीत, मक्यात बुरशी धरते, तिचं विष जनावराच्या पोटात जातं आणि दुधात अफ्लाटॉक्सिन एम-१ बनून उतरतं. अन्नसुरक्षा प्राधिकरणानं २०१८ मध्ये देशभरातून दुधाचे ६,४३२ नमुने घेतले होते. भेसळीची जेवढी ओरड होते तेवढी भेसळ त्यात आढळली नाही. पण ३६८ नमुन्यांत, म्हणजे ५.७ टक्क्यांत, हे विष ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त निघालं आणि ७७ नमुन्यांत प्रतिजैविकांचे अंश मर्यादेबाहेर होते. जनावर कसं पोसलं गेलं याचा माणसाच्या आरोग्याशी थेट संबंध कुठे आहे, ते या आकड्यांत दिसतं. कोरडी कोठी आणि ढेप ठेवायला लाकडी फळी, एवढ्यानंही यातलं बरंच टळतं. त्याची जाहिरात कुणी करत नाही, कारण चित्र काढण्यासारखं त्यात काही नाही.

फवारणीचा विषय या जिल्ह्यात हळूच बोलला जातो. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. ज्या वावरात ती फवारणी होते, त्याच वावराच्या धुऱ्यावरचं गवत कापून संध्याकाळी ढोरापुढे टाकलं जातं. विषमुक्त दुधाची मागणी खरी असेल तर ती कापसाच्या फवारणीपर्यंत न्यावी लागते.

मुळात आर्णीचा शेतकरी गाय पाळतो ती दुधासाठी नाही. त्याला गोऱ्हा हवा असतो, पुढे वखराला आणि डवऱ्याला जुंपायला. आणि शेणखत हवं असतं. दूध घरच्या चहापुरतं झालं तरी चालतं. या हिशेबात गाय, गोऱ्हा, बैल आणि म्हातारा बैल अशी साखळी होती. बैल आठ-दहा वर्षं काम करायचा, थकला की बाजारात विकला जायचा आणि त्याच पैशात थोडी भर टाकून तरणी जोडी यायची. बैलबाजारात त्या खरेदीची परीक्षा कडक असे, अजूनही असते. तोंड उघडून दात बघायचे, अदात की दुदाती की जुळलेला. खुरं बघायची, चालवून बघायचं, बंडीला जुंपून बघायचं. मारका आहे का, कामात बसतो का, कोणाच्या घरचा आहे, हे विचारायचं. दलाल रुमालाखाली बोटं धरून भाव फिरवायचा. जनावर कसं वाढलं हे पारखणारा इतका जाणता ग्राहक शहरातल्या कुठल्याही दुकानात सापडणार नाही.

ही साखळी दोन बाजूंनी तुटली. ट्रॅक्टर आला. आणि कायदा बदलला. १९७६ च्या महाराष्ट्र पशुसंरक्षण कायद्यानं गाईच्या कत्तलीवर बंदी होतीच. निकामी बैलाला मात्र दाखल्यावर परवानगी मिळत असे. विधिमंडळानं १९९५ मध्ये मंजूर केलेल्या दुरुस्तीला राष्ट्रपतींची संमती २०१५ मध्ये मिळाली आणि त्या वर्षीच्या मार्चपासून वळू आणि बैलही बंदीत आले. कत्तलीला पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजार रुपयांपर्यंत दंड. ६ मे २०१६ रोजी मुंबई उच्च न्यायालयानं बंदी कायम ठेवली. परराज्यातून आणलेलं गोमांस जवळ बाळगणं गुन्हा ठरवणारं कलम मात्र रद्द केलं. घरात काय खावं हा माणसाच्या खासगीपणाचा भाग आहे, हा त्यामागचा विचार. बंदीमुळे महाराष्ट्रात आज कायदेशीरपणे कापून विकलं जाणारं मोठ्याचं मटण म्हशीचं किंवा रेड्याचं असतं, तेही पशुवैद्याचा दाखला असेल तर. मुंबईतल्या हॉटेलांच्या मेन्यूवरची बीफची डिशही तिथेच वळली.

गाईवरची श्रद्धा लाखो घरांत खरी आहे, आर्णीतही. पोळ्याला बैलाच्या शिंगांना रंग लावणारा शेतकरी तो रंग मनापासून लावतो. त्याच शेतकऱ्याला म्हाताऱ्या बैलासाठी रोजचं कुटार आणि पाणी काढावं लागतं, आणि विकायला गेला तर गिऱ्हाईक भीत भीत येतं. २०२५ च्या पावसाळ्यात मांसाचा व्यवसाय करणाऱ्या कुरेशी समाजानं राज्यभर जनावरांची खरेदीच थांबवली. म्हशींची कायदेशीर वाहतूकही रस्त्यात अडवली जाते, मारहाण होते, ही त्यांची तक्रार होती. बाजार ओस पडले आणि फटका बसला तो भाकड म्हैस विकून दुसरी घेऊ पाहणाऱ्या शेतकऱ्याला. विसाव्या पशुगणनेत, २०१९ मध्ये, महाराष्ट्रातली गाय-बैलांची संख्या २०१२ च्या तुलनेत दहा टक्क्यांनी घटून सुमारे १ कोटी ४० लाखांवर आली होती. ज्या जनावराला शेवटी किंमत नाही ते शेतकरी सुरुवातीलाच पाळत नाही, असं हा आकडा बघून वाटतं; ट्रॅक्टर आणि चाराटंचाई यांचाही त्यात वाटा आहेच.

संकरित गोऱ्ह्याची गत याहून वाईट. जर्सी-होल्स्टीन रक्ताच्या नराला वशिंड नीट नसतं, विदर्भाचं ऊन त्याला सोसत नाही, औताला तो निरुपयोगी. दुधाच्या व्यवसायात जन्मणाऱ्या वासरांपैकी साधारण निम्मी नर असतात. ती पुढे कुठे जातात, हे दुधाच्या पिशवीवर लिहिलेलं नसतं. दूध पिणाऱ्यानं विचारायचा सगळ्यात मोठा प्रश्न हाच आहे.

या सगळ्याच्या पलीकडे म्हशीचं मांस देशाबाहेर जातं. २०२३-२४ मध्ये भारतानं सुमारे १३ लाख टन म्हशीचं मांस निर्यात केलं, किंमत ३१ हजार कोटी रुपयांच्या घरात. व्हिएतनाम, मलेशिया, इजिप्त, इराक ही मोठी गिऱ्हाइकं. हाडं काढलेलं, गोठवलेलं, तपासणीचा शिक्का असलेलं हे मांस तिथे स्वस्त आणि कमी चरबीचं म्हणून खपतं, आणि वाढीची संप्रेरकं न देता, गावात चरून वाढलेलं जनावर ही त्याची जमेची बाजू म्हणून सांगितली जाते. यात तथ्य आहे: ही जनावरं मुख्यतः मांसासाठी वाढवलेली नसतात, बरीचशी दुधातून बाद झालेली असतात. म्हणजे क्वालालंपूरचा मांसाहारी आणि नागपूरचा दूध पिणारा शाकाहारी एकाच जनावराच्या आयुष्याचे दोन भाग वाटून घेतात.

सरकारनं या भागात गाई वाटूनही पाहिल्या. १ जुलै २००६ रोजी पंतप्रधानांनी विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर केलं. यवतमाळ त्यात होतं. त्या काळात मदतीचा भाग म्हणून शेतकऱ्यांना अनुदानावर संकरित दुभती जनावरं दिली गेली. पी. साईनाथ यांनी त्याच वर्षी ‘द हिंदू’मध्ये त्याचं वास्तव लिहिलं: चारा-पाण्याची सोय नसलेल्या घरांत ही जनावरं आली, खाण्याचा खर्च दुधाच्या उत्पन्नाला खाऊन उरला, काहींनी ती देऊन टाकली. आर्णी तालुक्यातलं दाभडी पुढे २० मार्च २०१४ च्या ‘चाय पे चर्चा’ या निवडणूक प्रचाराच्या कार्यक्रमामुळे देशभर गाजलं आणि शेतकऱ्याच्या खर्चाचा विषय तिथेही निघाला. विदर्भ-मराठवाडा दुग्धविकास प्रकल्पाचा दुसरा टप्पा आता १९ जिल्ह्यांसाठी आहे. गाय देण्याआधी चारा, डॉक्टर आणि रोज दूध उचलणारी गाडी, हा क्रम त्यात पाळला गेला तर २००६ ची पाळी येणार नाही.

मेलेल्या जनावराची किंमत सरकारनं लिहून ठेवली आहे. २०२२ मध्ये जनावरांमध्ये लम्पी त्वचारोग आला, बाजार बंद झाले. तेव्हा दगावलेल्या गाईला ३० हजार, बैलाला २५ हजार आणि वासराला १६ हजार रुपये भरपाई ठरली. वाघानं मारलं तर बाजारभावाच्या ७५ टक्के किंवा ७० हजार, यांतलं जे कमी असेल ते मिळतं, आणि टिपेश्वरच्या जंगलाजवळच्या गावांना हा दर तोंडपाठ असतो. जिवंत, म्हाताऱ्या जनावराचा दर मात्र गोशाळेपुरताच आहे: ३० सप्टेंबर २०२४ रोजी राज्य मंत्रिमंडळानं देशी गाईला ‘राज्यमाता-गोमाता’ घोषित केलं आणि गोशाळांमधल्या देशी गाईंसाठी रोज ५० रुपये मंजूर केले. स्वतःच्या कोठ्यात थकलेला बैल सांभाळणाऱ्या आर्णीच्या शेतकऱ्याला त्यातलं काही मिळत नाही. ही विषमता दूर व्हायला हवी. जनावर सांभाळणारा तोही आहेच.

उत्तर शोधण्याचं साधन आता जनावराच्या कानात आहे. १ जून २०२४ पासून राज्यात कानात बिल्ला नसलेल्या जनावराची बाजारात खरेदी-विक्री करता येत नाही. त्याच वर्षी दुधाला मिळालेलं लिटरमागे पाच रुपयांचं अनुदानही या बिल्ल्याशी जोडलं होतं. बिल्ल्यावर बारा आकडे असतात. ‘भारत पशुधन’ प्रणालीत त्या आकड्यांमागे मालक, जात, वय, लसीकरण, रेतन नोंदलेलं असतं. ढेप की कुटार, रान की गोठा, गोऱ्ह्याचं काय झालं, हेही त्यात नोंदवता येईल. युरोपला एका महामारीनंतर जे उभारावं लागलं त्याचा पाया इथे घातला गेला आहे, आणि तुपाच्या बरणीवर कुरणाच्या चित्राऐवजी हा आकडा छापायला तांत्रिक अडथळा मोठा नाही.

राहतो पैशाचा हिशेब, आणि तो मांडून पाहण्यासारखा आहे. गोशाळेसाठी सरकारनं धरलेला रोजचा ५० रुपयांचा दर घेतला तर एक थकलेलं जनावर सांभाळायला वर्षाला १८,२५० रुपये लागतात. आर्णीच्या एका गावठी गाईनं रोज दोन लिटर याप्रमाणे २०० दिवस दूध दिलं तर वर्षाचं ४०० लिटर होतं. एका गाईमागे घरात एक म्हातारा बैल असेल तर त्याचा भार लिटरमागे सुमारे ४६ रुपये पडतो, गाईचा स्वतःचा चारा, गायकीची मजुरी आणि डॉक्टर वेगळे. शहरात ए-२ च्या नावाखाली विकल्या जाणाऱ्या दुधाला लिटरमागे शंभराहून अधिक रुपये मिळतात, साध्या गाईच्या दुधाला शेतकऱ्याच्या हातात तिशीच्या आसपास. मधल्या फरकात हा बैल बसतो. त्यासाठी संकलन केंद्राला आर्णीतून दूध घ्यावं लागेल, त्याला वेगळा दर लावावा लागेल, आणि ग्राहकाला गाईबरोबर तिच्या घरच्या बैलाचाही बिल्ला क्रमांक मागावा लागेल.